कर्ज आपल्या नावावर, मशीन कोणाच्या हातात?

सख्यांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी गटाचं कर्ज रजिस्टर जवळ घ्या. मागच्या दोन-तीन वर्षांची पानं उलटा आणि ‘कर्जाचं कारण’ या रकान्यावरून बोट फिरवा. शिलाई मशीन, किराणा, मुलीची फी, घराची कौलं. आणि मग नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यातल्या गटांत हमखास सापडणारं एक कारण: ‘बोटीचं मशीन’.

कर्ज बाईच्या नावावर. जामीन राहिल्या गटातल्या दोघी. मशीन मात्र चालवतो नवरा, दीर किंवा मुलगा, आणि बिघडलं की उघडतो बाहेरून आलेला मिस्त्री. मागच्या हंगामात एका घरी गेले होते तेव्हा मिस्त्री अंगणातच बसलेला होता, मशीनचं झाकण काढलेलं. वहिनींनी विचारलं, “काय झालंय हो भाऊ?” तो वर न बघताच म्हणाला, “वहिनी, ते तुम्हाला नाही कळायचं.” बिल मात्र त्याने वहिनींच्याच हातात दिलं.

त्या बिलात काय लिहिलं होतं, ते वहिनींनाही कळलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कळलं नाही. म्हणून हा पाठ.

आधी हिशोब

समजा गटातून दोन लाखांचं कर्ज घेतलं, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत २४ महिने. हप्ता येतो साधारण ९,४०० रुपये. म्हणजे वर्षाला जवळजवळ १ लाख १३ हजार. हप्ता बारा महिने भरायचा, पण समुद्रावरचा धंदा बारा महिने नसतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे पाण्यातले खेळ बंद, आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. बनाना राईडची बोट असेल तर कमाई ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही शनिवार-रविवारची. असे दिवस मोजले तर सत्तरच्या आसपास भरतात.

आता १ लाख १३ हजार भागिले ७०. दिवसाला सोळाशे रुपये झाले. पेट्रोल, पोरांची मजुरी, घरखर्च हे सगळं त्याच्या वर. म्हणजे ऐन रविवारी मशीन बंद पडलं, तर त्या दिवशीचे सोळाशे आपण दुसऱ्या कुठूनतरी आणायचे. दोन-तीन रविवार असे गेले की हप्ता थकतो, आणि मग बैठकीत मान खाली घालून बसते ती बाईच.

ही बंद पडणारी मशीनं बरीचशी नशिबाने नाही, निगा न राखल्याने बंद पडतात. आणि निगा राखण्याचं काम घरात कोण करतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मशीनची ओळख

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते आऊटबोर्ड मशीन. त्याचे तीन भाग समजा. वर झाकणाखाली खरं इंजिन, म्हणजे स्कूटरला असतं तसंच सिलिंडर, पिस्टन, प्लग, कार्बोरेटर. मधला भाग म्हणजे लांब दांडा, आणि खाली पाण्यात बुडणारा गिअर बॉक्स आणि पंखा. ज्या मुलीने गाडीचा प्लग काढून साफ केलाय तिला निम्मं मशीन आधीच ओळखीचं आहे.

या मशीनचा जन्म कसा झाला, त्याची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत मिलवॉकी भागात ओले एव्हिनरूड नावाचा कारागीर होता. तळ्याकाठच्या सहलीत बेसला आईस्क्रीम हवं झालं, तो होडी वल्हवत आणायला गेला आणि येईपर्यंत ते वितळलं. त्यावरून त्याला होडीला मोटर लावायची कल्पना सुचली म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण १९०९ च्या सुमारास दोघांचा धंदा उभा राहिला तेव्हा हिशोब, पत्रव्यवहार आणि जाहिरात बेसने सांभाळली, हे मात्र खरं. पहिल्या दिवसापासून या धंद्यात बाई होती, एवढं लक्षात ठेवा.

आता कामाचं. गाडीच्या इंजिनाला हवा लागते थंड राहायला. बोटीच्या मशीनला समुद्राचं पाणी लागतं. खालच्या भागात रबराच्या पात्यांचा एक छोटा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाणी वर ओढतो, इंजिनाभोवती फिरवतो आणि पाणी बाहेर टाकतो. मशीन चालू असताना मागून एक बारीक धार पडताना दिसते ना? ती धार म्हणजे मशीनची नाडी. धार जोरात आहे तोवर ठीक. बारीक झाली, थांबली, वाफ यायला लागली की मशीन लगेच बंद करायचं. “किनाऱ्यापर्यंत तर जाऊ” म्हणून चालवत राहिलं की पिस्टन चिकटतो, आणि तो खर्च इम्पेलरच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

धार का थांबते? पाणी घेण्याच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकते, वाळू भरते, आतल्या नळ्यांत मिठाचा थर बसतो, किंवा रबराची पाती झिजतात. रबर वर्षातून एकदा उघडून बघावं आणि पाती वाकडी-तडकलेली दिसली तर बदलावं. वाळूत, उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटीला त्याहून लवकर लागतं.

एक माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. शिकायला लागले तेव्हा उत्साहाच्या भरात मी मशीन जमिनीवर, पाण्याशिवाय, ‘जरा आवाज ऐकू’ म्हणून सुरू केलं. अर्धा मिनिटसुद्धा नसेल. रबर जळलं. नवीन रबराचे पैसे माझ्याच पगारातून गेले. मशीन कोरडं कधीही, एका क्षणासाठीही चालवायचं नाही.

समुद्रावरून आलं की दररोज गोड्या पाण्याने धुवायचं. नुसतं वरून नाही, आतून. मोठं पिंप गोड्या पाण्याने भरा, मशीनचा खालचा भाग त्यात बुडवा आणि दहा-पंधरा मिनिटं कमी वेगावर चालवा. किंवा पाणी घेण्याच्या जागी कानाला लावतात तसे रबरी कप बसवून त्याला बागेतला पाईप जोडा; तेव्हा मात्र आधी पाणी सोडायचं, मग मशीन सुरू करायचं. वाडीत विहीर आहे, पंप आहे, पाईप आहे. रोजची पंधरा मिनिटं.

तेल, पेट्रोल आणि दुधाळ रंग

जुनी मशीनं बहुतेक टू-स्ट्रोक. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. बऱ्याच मशीनना ५० ला १ हे प्रमाण चालतं: एक लिटर पेट्रोलला २० मिली, वीस लिटरच्या टाकीला ४०० मिली. आपल्या मशीनचं नेमकं प्रमाण कंपनीच्या पुस्तकात बघा, आणि नवं मशीन रुळवताना जास्त तेल लागतं तेही त्यातच असतं. तेल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो. जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा-ओला होतो आणि मशीन दहा वेळा दोरी ओढूनही घेत नाही. “अंदाजाने टाकतो, आजवर काही झालं नाही” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण ठेवा, अंदाज नको.

फोर-स्ट्रोकला इंजिनातलं तेल वेगळं असतं. नवीन मशीनचं पहिलं तेल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलायचं.

खालच्या गिअर बॉक्सचं तेल ही तर गंमतच आहे. तळाचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. तेल तेलासारखं दिसलं तर बरं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. बहुतेक वेळा जाळ्याचा किंवा गळाचा धागा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला जातो आणि सील कापतो. म्हणून महिन्यातून एकदा पंखा काढून दांडा बघावा. मिस्त्रीने ‘गिअर बॉक्स गेला’ म्हणून मोठं बिल दिलं तर आधी विचारा, “तेल कोणत्या रंगाचं निघालं?” एवढा एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस वर बघून बोलायला लागतो.

मशीन सुरूच होत नसेल तर घाबरून सगळं उघडू नका. लाल कुरळी दोरी जागेवर आहे का? (ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची असते, माणूस पाण्यात पडला तर मशीन आपोआप बंद पडतं. बऱ्याच बोटींवर ती गाठ मारून कायमची अडकवलेली दिसते. हा जिवाशी खेळ आहे.) टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? पेट्रोलचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का? पेट्रोल जुनं किंवा पाणी मिसळलेलं नाही ना? आणि मग प्लग. नेहमीचा घोळ या चार-पाच जागांतच सापडतो.

मशीन समुद्रात पडलं तर? बाहेर काढल्या काढल्या गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, दोरी ओढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर घालवा, तेल सोडा, आणि काही तासांच्या आत मिस्त्रीकडून सुरू करून घ्या. मिस्त्री लगेच मिळत नसेल तर मशीन वाळत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. ऐकायला उलटं वाटतं. पण मीठ आणि हवा एकत्र आली की गंज चढायला एक रात्र पुरते.

आता पावसाळा तोंडावर आलाय. मशीन चार महिने ठेवणार असाल तर आतून धुवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून दोरी दोनदा हळू ओढा, गिअरचं तेल बदला आणि मशीन उभंच ठेवा. खालच्या भागावर जस्ताची किंवा अॅल्युमिनियमची एक वडी असते, ती मुद्दाम झिजण्यासाठीच असते, म्हणजे गंज तिला खातो आणि मशीनला सोडतो. निम्मी झिजली की बदला. तिच्यावर रंग मात्र मारू नका. रंगवली की ती काम करत नाही.

फायबरची बोट: नारळ वाजवून बघतो तसं

लाकडाची होडी बांधणारे हात कमी होत चाललेत. त्यांची जागा फायबरने घेतली. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, जिला कारखान्यात मॅट म्हणतात, आणि ती भिजवायचं रेझिन. साच्याला मेण लावायचं, त्यावर जेलकोटचा पातळ थर, मग मॅटचा थर, रेझिन, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, पुन्हा थर. वाळल्यावर साच्यातून बोट सुटते.

बोटीची ताकद ठरते ती धाग्यांवर. रेझिन जास्त ओतलं तर बोट मजबूत होत नाही, ठिसूळ होते. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन पुरतं. हे न पाळता घाईत बांधलेल्या बोटी कशा निघतात ते २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दिसलं. मदतीचा पैसा आला, फायबरच्या बोटी धडाधड बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच कच्च्या निघाल्या. पुढे नीट बांधणी शिकवण्यासाठी खास पुस्तिका आणि प्रशिक्षणं काढावी लागली.

जुनी बोट घेताना रुपयाच्या नाण्याने तळ वाजवत चला. नारळ वाजवून बघतो तसं. टणटणीत आवाज आला तर थर एकसंध. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत, किंवा पाणी शिरलंय. किनाऱ्यावर वाळूतून ओढून ओढून तळाचा जेलकोट खरवडला जातो आणि तिथूनच पाणी धाग्यांत जातं.

भोक पडलं तर वरून एक ठिगळ चिकटवून भागत नाही. आधी मीठ धुवा, पूर्ण वाळू द्या. मग भोकाच्या कडा घासून उतार द्या. नियम असा, की जाडीच्या बारा पट रुंद उतार. तळ ५ मिलीमीटर जाड असेल तर सगळ्या बाजूंनी ६० मिलीमीटर. त्यावर लहान ते मोठे मॅटचे तुकडे. शिवणकाम येणाऱ्या बायकांना मॅटची कापणी आणि मापं पटकन जमतात.

पण या कामात धोके आहेत, आणि ते झाकून मी तुम्हाला पुढे ढकलणार नाही. रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन रसायनं पडतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर. त्यापेक्षा कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन विकत घ्या आणि ती बाटली शेडमध्ये आणूच नका. हार्डनर एक किलो रेझिनला १० ते २० मिली, त्याहून जास्त नाही. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा सक्तीचा, आणि गेलाच तर लगेच पंधरा मिनिटं पाण्याने धुवून थेट दवाखाना. वास छातीत जातो. ओढणी किंवा साधा मास्क त्याला थांबवत नाही, कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. घासताना काचेची धूळ उडते, तेव्हा अंगभर कपडे. शेड चारही बाजूंनी मोकळी, जवळ चूल नको, विडी नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने या कामापासून लांब राहावं. उरलेलं रेझिन डब्यात तसंच ठेवलं तर ते आपोआप तापतं, पसरट ताटात ओतून गार होऊ द्या. ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणणाऱ्या कारागिराकडे मुलगी शिकायला पाठवू नका.

शिकायचं कुठे

मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यातलं एक अलिबागला, नागावपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर. तिथला नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिन देखभालीचा वर्ग सहा महिन्यांचा असतो. डिझेल इंजिन आणि आऊटबोर्ड वेगळे, पण पाया तोच. अट असते पोहता येण्याची आणि मासेमारीच्या अनुभवाची. इथेच आपल्या मुली अडतात. बाई मासळी विकते, सुकवते, जाळं विणते. पण समुद्रावर जात नाही म्हणून तिचा अनुभव अनुभव धरला जात नाही. मला हे पटत नाही. प्रभागसंघाने लेखी विचारावं, की मासळीच्या कामाचा सोसायटीचा दाखला चालेल का. तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नये.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, तिथे दुचाकी दुरुस्तीचं मोफत प्रशिक्षण मिळतं. प्लग, कार्बोरेटर, टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक हे सगळं तिथे हाताने शिकता येतं. आधी तिथे, मग आऊटबोर्ड, हा रस्ता मला सगळ्यांत सोपा वाटतो. बोट चालवण्याचं आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळतं. आणि नवं मशीन घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्याला सांगा, की गटातल्या दोघींना निगा आणि दुरुस्ती शिकवा. पैसे दिल्यावर कोणी शिकवत नाही.

ज्यांच्या घरात हाताने होडी बांधायचं काम चालतं त्यांनी पीएम विश्वकर्मा योजना बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत ‘नाव बनवणारे’ आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज. घरातल्या एकाच माणसाची नोंदणी होते. ते एक नाव कोणाचं, हे घरात बसून ठरवा, गृहीत धरू नका. मासेमारीच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना अनुदान ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्के. त्यामुळे अर्जावर बाईचं नाव पुष्कळदा येतं. काम आणि कमाईत येतं का, ते बघायला हवं.

एकटीने नाही

केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या गावसोसायट्या, त्यांचे जिल्हा संघ आणि वर १९८० पासून एक शिखर संघ आहे, सिफ्स नावाचा, तिरुवनंतपुरमचा. आपला गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ असतो तशीच तीन मजली रचना. त्या संघाने स्वतःच्या बोटी बांधायच्या शेड काढल्या, मशीनं एकत्र घेतली, सुटे भाग आणि दुरुस्तीची वर्कशॉप सुरू केली. एकटा माणूस विक्रेत्यासमोर गिऱ्हाईक असतो. संघ समोर आला की तोच विक्रेता चहा मागवतो. ती संस्था मच्छीमार पुरुषांची आहे, पण रचना आपल्याला पाठ आहे.

बाई आणि होडी हे आपल्या कोकणात नवीनही राहिलं नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, आणि वल्हं स्वतः मारतात.

माझं मत विचाराल तर लगेच बोट बांधायला जाऊ नका. साचा महाग, नोंदणीचे सोपस्कार वेगळे, आणि चुकलं तर माणसं बुडतात. मशीन धुण्याचं आणि पावसाळी साठवणीचं काम घ्या: एक शेड, दोन पिंपं, एक पान्यांचा संच. फायबरमध्ये आधी छोट्या ठिगळांची दुरुस्ती आणि मासळीच्या पेट्या. थर्माकोलची पेटी एका हंगामात फुटते हे मासळीवाल्या मावशींना कोणी सांगायला नको. पहिलं गिऱ्हाईक गटातच बसलेलं आहे.

आणि एक काम उद्यापासून, बिनभांडवली. मशीनची वही. तारीख, किती तास चाललं, धुतलं का, तेल कधी बदललं, कोणता भाग, किती पैसे, मिस्त्रीची सही. आपण वीस-वीस वर्षं गटाची वही लिहितोय, ही एक पाचवी.

पुढच्या बैठकीसाठी

रजिस्टर घेऊन या. मशीनसाठी गेलेली कर्जं किती, त्यातली थकलेली किती, आणि थकली त्या महिन्यात मशीन बंद होतं का, ते ज्यांचं कर्ज आहे त्यांच्याच तोंडून ऐका. गावात आऊटबोर्ड किती आणि ती कोण दुरुस्त करतं ते मोजा. गोड्या पाण्याची आणि मोकळ्या शेडची जागा कोणाच्या वाडीत आहे? प्रशिक्षणाला जायची तयारी असलेल्या दोघींची नावं ठरावात लिहा. त्यातल्या एकीला तरी पोहता येत असावं, आणि येत नसेल तर आधी तेच शिकवायचं का, यावरही बोला.